वॉरंटीचे तास आणि वापशाचे दिवस

संध्याकाळी काम संपवून कल्टिव्हेटर उचललेल्या अवस्थेतच ट्रॅक्टर शेडमध्ये लावला होता आणि सकाळी पाहतो तर त्याचे सगळे फाळ जमिनीला टेकलेले होते. अवजार वर ठेवून ट्रॅक्टर उभा करणे मुळातच चूक आहे, ते खाली टेकवूनच इंजिन बंद करावे, हे मला ठाऊक होते आणि त्या दिवशी मी कंटाळा केला होता. पण त्या कंटाळ्यामुळेच बिघाड लवकर लक्षात आला, हेही खरे. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम अवजार पूर्ण उचलले, आसपास कोणी येणार नाही याची खात्री केली, इंजिन बंद केले आणि शेडच्या भिंतीवर फाळाच्या उंचीला खडूने रेघ मारली. अर्ध्या तासात फाळ रेघेच्या वीतभर खाली आला होता. इंजिन चालू असताना तर लिफ्ट, म्हणजे तेलाच्या दाबावर अवजार उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा, आचके देत होती: जरा खाली बसायची, पुन्हा वर उचलायची, पुन्हा बसायची. तेल आतल्या आत कुठेतरी गळत असले की अवजार ठरल्या उंचीवर धरणारा पोझिशन कंट्रोल ती घट भरून काढत राहतो, आणि हे आचके म्हणजे त्याचीच धडपड असते, हे मला पुढे कळले.

ट्रॅक्टर वॉरंटीत होता. अवर मीटरवर ६१० तास झाले होते, सगळ्या सर्व्हिसिंग वेळेवर झाल्या होत्या आणि त्यांच्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवलेल्या होत्या. त्यामुळे फार तर आठवडाभराचे हे काम आहे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिला फोन केल्यापासून ट्रॅक्टर घरी येईपर्यंत ४३ दिवस गेले, आणि त्या ४३ दिवसांत कोणाच्या तरी हातात खरोखर पाना होता असा वेळ मोजला तर तो दीड दिवसाहून जास्त भरत नाही. बाकीचे दिवस नेमके कुठे गेले, ते लिहून ठेवावे असे वाटले.

लिफ्ट गेली म्हणजे ट्रॅक्टर चालतो की, असे एकाने मला ऐकवले. इंजिन चालत होते, पीटीओ, म्हणजे यंत्रांना फिरती शक्ती देणारा मागचा दांडा, फिरत होता, ट्रॉलीही ओढता आली असती. पण नांगर, कल्टिव्हेटर आणि पेरणी यंत्र ही आमची सगळी अवजारे लिफ्टने उचलल्या जाणाऱ्या तीन बिंदूंच्या जोडणीवर टांगलेली आहेत. हॅरी फर्ग्युसन यांनी हायड्रॉलिक नियंत्रणासह विकसित केलेली ही जोडणी १९३९ सालच्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे सर्वदूर पसरली आणि तेव्हापासून अवजार मागून ओढत नेण्याची वस्तू न राहता ट्रॅक्टरचाच एक अवयव झाले. तो अवयव लुळा पडला की उरलेला ट्रॅक्टर शेतात निरुपयोगी ठरतो. पावसानंतर जमिनीला वापसा येतो, म्हणजे ओल मशागतीजोगी होते, तो मोजक्या दिवसांचा असतो. त्याआधी यंत्र घातले तर माती दाबली जाते आणि नंतर घातले तर ढेकळे निघतात. वॉरंटीचे पुस्तक तास आणि महिने मोजते, वापसा त्याच्या कोणत्याच पानावर नाही. उलट काम बुडाल्याचे नुकसान, दुसरा ट्रॅक्टर भाड्याने आणल्याचा खर्च आणि वर्कशॉपपर्यंतची वाहतूक आम्ही देणार नाही, हे त्यात स्पष्ट छापलेले होते. ते पान मी ट्रॅक्टर घेताना वाचले नव्हते.

पहिली चूक मी पहिल्याच दिवशी केली. मी डीलरच्या वर्कशॉपला फोन केला, समोरच्याने "उद्या माणूस पाठवतो, काका" असे सांगितले आणि मी निर्धास्त झालो. फिटर चौथ्या दिवशी सकाळी आला. ट्रॅक्टर रात्रभर उभा असल्यामुळे थंडगार होता. त्याने तेलाची पातळी पाहिली, गाळणी साफ केली, लिफ्ट चारदा वरखाली केली आणि ती व्यवस्थित चालते असे सांगून तो निघून गेला. त्याचेही फारसे चुकले नव्हते. हायड्रॉलिक तेल थंड असताना घट्ट असते, त्यामुळे तेल अडवणारी सील झिजली असली तरी तिच्यातून ते सावकाश झिरपते. दोन तास नांगरट झाल्यावर तेल तापून पातळ होते आणि तेव्हा तीच फट मोठी वाटू लागते. मी तक्रार "लिफ्ट बिघडली आहे" एवढ्याच शब्दांत केली होती. "दोन तास कामानंतर, तेल गरम असताना, कल्टिव्हेटर जोडलेला असताना, इंजिन बंद केल्यावर अर्ध्या तासात वीतभर खाली बसते" असे सांगितले असते, तर फिटर बहुधा संध्याकाळी आला असता. डॉक्टरला ताप आहे एवढेच न सांगता तो केव्हा चढतो आणि केव्हा उतरतो हे आपण सांगतो, मग यंत्राच्या बाबतीत आपण इतके मोघम का होतो, कोण जाणे.

नवव्या दिवशी ट्रॅक्टर वर्कशॉपला नेला तेव्हा आणखी एक गोष्ट समजली. त्यांच्या नोंदीप्रमाणे माझी तक्रार त्या दिवशी सुरू होत होती. आधीचा फोन आणि फिटरची फेरी यांची कुठेही नोंद नव्हती, कारण जॉबकार्ड, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवायचा वर्कशॉपचा कागद, उघडलेलेच नव्हते. माझ्याकडे वॉरंटीची मुदत बरीच शिल्लक होती म्हणून निभावले. मुदतीचे शेवटचे काही तास उरलेल्या माणसाला हे नऊ दिवस फार महागात पडले असते. तेव्हापासून मी फोन करतो, पण फोन ठेवल्याबरोबर तीच गोष्ट तारीख, मीटरवरचे तास आणि चेसिस क्रमांकासह मेसेजने लिहून पाठवतो. बोललेले वाऱ्यावर जाते, आणि वाऱ्याला जॉबकार्ड नसते.

जॉबकार्डावर सही करण्यापूर्वी मी तेथेच बसून ते वाचले. तक्रारीच्या रकान्यात "लिफ्ट चेक करणे" असे लिहिले होते. ते खोडून मी माझे वीतभराचे वाक्य लिहायला लावले. शिवाय तेलाच्या कांडीवरचे तेल त्यांच्या माणसाला दाखवून "तेल स्वच्छ, पातळी योग्य" अशी नोंद करून घेतली. हे मला सुचले नव्हते. रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका अनुभवी गृहस्थांनी ते कानात सांगितले होते, आणि या नोंदीची किंमत सहा दिवसांनी कळली. तेलात पाणी शिरले की ते दुधी दिसू लागते आणि पाण्यामुळे झालेली झीज हा मालकाचा निष्काळजीपणा धरला जातो. लिफ्ट उघडल्यावर तेल दुधी असल्याचा विषय निघालाच. ट्रॅक्टर तोपर्यंत वर्कशॉपच्या अंगणात पावसात सहा दिवस उभा होता, भरायचे झाकण नीट बसलेले नव्हते, आणि माझ्याकडे आल्या दिवशीची त्यांच्याच अक्षरातली नोंद होती. विषय तेथेच संपला.

ते सहा दिवस ट्रॅक्टर नुसता रांगेत होता. मी रागाने दोन फोन केले, आवाज चढवला, आणि त्याने काडीचाही फरक पडला नाही. नंतर एका फिटरने चहाच्या वेळी सहज सांगितले ते असे की, वॉरंटीच्या कामाची मजुरी कंपनीकडून ठरावीक तासांच्या हिशेबाने येते, प्रत्यक्षात कितीही वेळ लागला तरी तेवढीच येते, आणि तीही क्लेम, म्हणजे कंपनीकडे पाठवलेला वॉरंटीचा दावा, मंजूर झाल्यानंतर. रोख पैसे देणारा गिऱ्हाईक दारात उभा असताना पाना कोणाच्या ट्रॅक्टरकडे वळणार, हे मग वेगळे सांगायला नको. हे समजल्यावर माझा त्या पोरांवरचा राग गेला. वर्कशॉपच्या मालकावरचा मात्र गेला नाही, कारण ट्रॅक्टर विकताना सेवेचे आश्वासन त्यानेच दिले होते.

पंधराव्या दिवशी लिफ्टचे कव्हर उघडले. पिस्टनवरची सील फाटलेली होती आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नखाला लागेल असा ओरखडा होता. म्हणजे नुसती सील बदलून भागणार नव्हते, सिलिंडरही बदलावा लागणार होता. येथून पुढचा प्रवास कागदाचा होता. खराब भागाचे फोटो, चेसिस आणि इंजिन क्रमांकाचे फोटो, मीटरचा फोटो आणि सर्व्हिसिंगचा तपशील असा क्लेम पाठवला जातो. तो पाच दिवसांनी परत आला, कारण चेसिस क्रमांकाच्या फोटोत चिखल होता आणि दोन अंक वाचता येत नव्हते. एका फडक्याने पुसण्याजोग्या चिखलासाठी पाच दिवस! आणि क्लेम परत आल्याचे मला कोणी कळवलेही नाही. मीच विचारायला गेलो तेव्हा समजले.

त्या दिवसापासून मी "कधी होणार?" हा प्रश्न विचारणे बंद केले, कारण त्याचे उत्तर नेहमी "दोन दिवसांत" असेच येते. त्याऐवजी क्लेमचा क्रमांक काय, तो सध्या कोणाच्या टेबलावर आहे आणि मागवलेल्या भागाचा पार्ट नंबर कोणता, असे विचारू लागलो. या प्रश्नांना "दोन दिवसांत" हे उत्तर बसत नाही. समोरच्याला कागद काढून बघावेच लागते, आणि कागद काढला की तो कुठे अडकला आहे हे बहुतेक वेळा त्यालाच प्रथम कळते. क्लेम क्रमांक मिळाल्यावर मी कंपनीच्या ग्राहक विभागाला शांत भाषेत, तारखांसह, एका पानाचे पत्र पाठवले. त्यात एकही शिवी नव्हती, याचे श्रेय ते पत्र टाइप करणाऱ्या माझ्या मुलीला जाते. तिसऱ्या दिवशी कंपनीचा इंजिनियर पाहणीला आला आणि सव्विसाव्या दिवशी मंजुरी मिळाली.

मग भाग यायचा होता. जुना पार्ट नंबर बंद होऊन त्याच्या जागी नवा नंबर आला होता, मागणी मात्र जुन्याच नंबरने गेली आणि आलेला सीलचा संच वेगळ्या मापाचा निघाला. तो परत पाठवण्यात आणि बरोबर संच व सिलिंडर मिळण्यात तेरा दिवस गेले. या काळात मला सर्वांत जास्त मोह झाला तो बाहेरच्या मिस्त्रीकडून काम करून घेण्याचा. तो म्हणाला, "दादा, एका दिवसात देतो", आणि त्याने ते खरोखर दिलेही असते. पण बाहेरच्या हाताने उघडलेल्या भागाचा क्लेम नाकारला जातो, आणि काढलेला जुना भाग तपासणीसाठी कंपनीला दाखवावा लागतो. माझे मत असे झाले आहे की, बिघाड एखाद्या ओ-रिंगपुरता, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीपुरता, असेल आणि वापसा हातचा जात असेल, तर वॉरंटीचा नाद सोडून पदरचे पैसे घालावेत. पण तो निर्णय लिफ्ट उघडण्यापूर्वीच घ्यायचा असतो, आणि बिघाड ओ-रिंगपुरता आहे की नाही हे उघडल्याशिवाय कळत नाही. हा पेच मला सोडवता आला नाही. मी थांबलो, मशागतीची एक पाळी भाड्याच्या ट्रॅक्टरने घातली आणि दुसरी घालायची राहून गेली.

निदान माझ्यापुढे पर्याय तरी होता, कारण माझ्या लिफ्टमध्ये इलेक्ट्रॉनिक असे काही नाही. नव्या मोठ्या ट्रॅक्टरांमध्ये बिघाडाचा कोड वाचायला आणि बदललेल्या भागाची यंत्राला ओळख करून द्यायलाही डीलरचाच लॅपटॉप लागतो, तेथे बाहेरचा मिस्त्री कितीही हुशार असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. उत्पादकांनी सुटे भाग, साधने, सॉफ्टवेअर आणि माहिती मालकाला व स्वतंत्र मिस्त्रीलाही उपलब्ध करून द्यावी, असा त्याचा रोख आहे. रांगेत उभे राहून कंटाळलेले शेतकरी तेथेही होते, हे वाचून मला उगाचच बरे वाटले.

भाग आल्यावर एका दिवसात सगळे बसवून झाले. ट्रॅक्टर ताब्यात घेताना "काम समाधानकारक" या ओळीखाली सही मागितली गेली. मी आधी कल्टिव्हेटर जोडून, तेल चांगले तापेपर्यंत तासभर चालवून पाहतो, असे सांगितले. त्यावर थोडी कुरकुर झाली आणि दोन दिवस आणखी गेले, पण सही त्यानंतरच केली. तेलाचे पैसे मला भरावे लागले, कारण भाग वॉरंटीत असला तरी तेल त्यात धरलेले नव्हते. बदललेल्या भागाला नवी मुदत मिळाली नाही, मूळ वॉरंटीचे जे उरले तेच त्याचे. वर्कशॉपमध्ये अडकलेले दिवस मुदतीत वाढवून द्यावेत, अशी लेखी विनंती मी केली आहे. उत्तर अजून आलेले नाही.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी, दिवसभर काम करून तेल तापलेले असताना, मी पुन्हा कल्टिव्हेटर उचलला, इंजिन बंद केले आणि भिंतीवरच्या जुन्या रेघेशेजारी नवी रेघ मारली. अर्ध्या तासाने फाळ रेघेच्या बोटभर खाली होता. एवढे चालते, असे फिटरने फोनवर सांगितले. मी वहीत तारीख लिहिली, मीटरवरचे तास लिहिले, "बोटभर" असे लिहिले आणि तेच त्याला मेसेजनेही पाठवले.