ढिला न्यूट्रल

नरक चतुर्दशीच्या पहाटे सहा वाजून सात मिनिटांनी मी सहाशे माणसांसमोर चाललेला कार्यक्रम स्वतःच्या हाताने बंद पाडला. गायिकेचा ललत राग नुकता रंगायला लागला होता. समितीच्या लेखी तो प्रकार म्हणजे ‘साउंडवाल्याची लाइट गेली’. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये तर तेवढंही नाही. ‘दिवाळी पहाट उत्साहात व यशस्वीपणे संपन्न’, खाली फुलं, पणत्या आणि बेचाळीस लोकांचे आभार. मेसेज खरा आहे. कार्यक्रम यशस्वी झालाच. पण मला अजून त्या नऊ मिनिटांचा हिशेब लागत नाहीये.

मी पुण्यात बावीस वर्षं साउंड लावतोय. गणपतीतल्या स्पीकरच्या भिंती लावत नाही. गाणं, नाटक, व्याख्यानमाला एवढंच. दिवाळीचे चार दिवस आमच्याकडे कुणी झोपत नाही, कारण आता प्रत्येक मोठ्या सोसायटीला आणि प्रत्येक नगरसेवकाला स्वतःची पहाट हवी असते. ही पहाट कोथरूडच्या बाजूच्या एका मैदानावर होती. दोन-तीन सोसायट्यांनी मिळून समिती केलेली. माणसं भली. कुडते नवे.

पहिला वाद वेळेचा. पत्रिकेत समितीच्या काकांनी ‘पहाटे ५.३०’ छापून टाकलं होतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातल्या काही दिवसांना सरकार सवलत देतं, पण ती रात्री बारापर्यंत, पहाटेची नाही. काका म्हणाले, “अहो, सगळेच लावतात.” मी म्हटलं, सगळ्यांच्या मशिनी जप्त झाल्या तर सगळे माझे हप्ते भरणार नाहीत. शेवटी साडेपाचला सनईची रेकॉर्ड लावायची टूम निघाली, म्हणजे तीही स्पीकरवरच! मी सहाला अडून बसलो. सूर्य त्या दिवसांत साडेसहानंतर उगवतो, त्यामुळे पहाट काही कुठे पळून जात नव्हती.

बाहेरच्यांना हे लक्षात येत नाही की या नियमामुळे आम्हाला साउंड चेकच मिळत नाही. आदल्या रात्री दहाच्या आत स्पीकर वाजवून घ्यायचे, तेव्हा कलाकार नसतात. कलाकार पाचला येतात, तेव्हा स्पीकर वाजवता येत नाहीत. मग तबला, हार्मोनियम, तानपुरा, गळा, सगळं हेडफोनवर ऐकून अंदाजाने बसवायचं आणि सहाला देवाचं नाव घेऊन फेडर, म्हणजे मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकपट्ट्या, वर करायचे. त्यात दव. दवाने तबल्याची पुडी सैल होते, सूर उतरतो; हार्मोनियम मात्र आहे तिथेच राहते. तबलजी पावणेसहाला हातोडी घेऊन गट्टे ठोकत होते आणि मी मिक्सरवर प्लास्टिक टाकून, त्याखाली मोबाइलची बॅटरी धरून बसलो होतो. खुर्च्याही सगळ्या भिजलेल्या. बिल्ले लावलेले स्वयंसेवक अठ्ठावीस, पण सहाशे खुर्च्या जुन्या चादरींनी पुसून काढल्या त्या तीन बायकांनी. त्यांची नावं बेचाळिसात नाहीत.

मला अभिमान आहे तो मागच्या स्पीकरांचा. लांबट मैदान असलं की पुढचे स्पीकर फोडून मागे आवाज पोहोचवणारे खूप आहेत. त्याने पहिल्या रांगेतल्या आजोबांचे कान जातात आणि शेवटच्या रांगेत नुसता गोंगाट पोहोचतो. मी स्टेजपासून चाळीस मीटरवर दोन लहान स्पीकर लावले. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे स्टेजवरचा आवाज तिथे पोहोचायला ११८ मिलिसेकंद लागतात. मागचे स्पीकर तेवढे थांबवून वाजवायचे आणि वर आणखी दहा-बारा मिलिसेकंद द्यायचे. मग कान फसतो. आवाज डोक्याशेजारच्या खांबातून येत असतो, पण माणसाला वाटतं बाई समोरून गातेय. त्या रात्री मी टेप घेऊन अंतर तीनदा मोजलं. एक वाजला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात या एक वाजण्याचा हात आहे.

वीज जनरेटरची. साडेबासष्ट केव्हीएचा सायलेंट डीजी स्टेजमागे उभा होता. त्यातून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशी चार कोरची केबल माझ्या बोर्डात. आर फेजवर साउंड, वायवर लाइट, बीवर खाण्याचे स्टॉल, असं मी बोर्डाच्या झाकणावर पुठ्ठ्यावर लिहून चिकटवतो. न्यूट्रलचा बोल्ट मी स्वतः आवळतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही. आणि आवळून झाला की नट आणि पट्टी यांच्यावरून मार्करने एक सरळ रेघ मारतो. नट हलला तर रेघ तुटते.

आणि माझे तीन बल्ब. पूर्वीचे शंभर वॉटचे, पिवळे. एकेका फेजवर एकेक, मिक्सरच्या टेबलाला उलटे टांगलेले. शेजारी लाल बटन, ते दाबलं की बोर्डातला काँटॅक्टर, म्हणजे मोठा स्विच, सुटतो आणि तिन्ही फेज बंद. ही विद्या माझ्या उस्तादांची. ते म्हणायचे, मीटर बघायला मान वळवावी लागते, बल्ब न बघता दिसतो. हल्ली पोरं हसतात. असले बल्ब आता सहज मिळतही नाहीत. तपकीर गल्लीत एका जुन्या दुकानदाराकडे उरलेले डझनभर होते, ते मी सगळे उचलले.

सहाला सुरू झालं. भाषणं मध्यंतरात ढकलली होती, समितीचा हा एक शहाणपणा. हेडफोनवर बसवलेलं गाणं स्पीकरवर जवळजवळ तसंच आलं. मी मागच्या रांगेत जाऊन ऐकून आलो. आवाज समोरून येत होता. टेबलाशी परत येऊन टेकलो आणि डाव्या डोळ्याच्या कडेला काहीतरी पांढरं झालं.

आरचा बल्ब. पिवळ्याचा पांढरा. त्याच वेळी बीचा विझत चाललेला, नुसती लाल तार.

याचा अर्थ एकच. न्यूट्रल सुटला. तिन्ही फेजना बांधून ठेवणारा मधला खुंटा तो. तो निसटला की ज्या फेजवर जास्त लोड तिचं व्होल्टेज पडतं आणि कमी लोड असलेल्या फेजवर २३० च्या जागी तीनशे, साडेतीनशे जायला लागतं. तिकडे स्टॉलवर गर्दी वाढायच्या आत चहाचं पाणी उकळायला दोन मोठे बॉयलर एकदम चालू केले होते. इकडे माझ्या फेजवर तानपुरा आणि एक आलाप. लोड असं नाहीच.

बटन दाबलं. स्पीकर मुके, स्टेज काळं. आकाश फक्त पूर्वेला जरा राखाडी झालं होतं. बाई दोन सूर पुढे गेल्या, थांबल्या, पाण्याची बाटली उघडली. निवेदक माइकशिवाय काहीतरी विनोद ओरडला, तो पुढच्या तीन रांगांना कळला. मागून टाळ्या आणि शिट्ट्या. काका धावत आले.

“अहो, काय केलंत? आमदार बसलेत पहिल्या रांगेत!”

“काका, पाच मिनिटं द्या.”

“तुम्ही हाताने बंद केलंत. मी पाहिलं.”

“हो.”

बोर्डाकडे पळालो. झाकण उघडलं तर जळक्या बेकेलाइटचा वास. न्यूट्रलच्या वायरच्या टोकाचं थिंबल, म्हणजे धातूची टोपी, काळं पडलेलं. माझी मार्करची रेघ अर्ध्या आट्याने तुटलेली. नट बोटांनी फिरत होता. आणि थिंबलच्या खाली, मी कधीच घातली नसती अशी, निळी-पांढरी पिळाची वायर दाबून बसवलेली.

ती वायर धरून चालत गेलो. स्टेजमागून कुंपणाकडे, कुंपणाच्या लोखंडी रेलिंगवरून पार फाटकापर्यंत. आकाशकंदिलांची माळ. सुंदर होते कंदील, सोसायटीतल्या मुलांनी केलेले, कागदाचे, करंज्यांसारख्या पाकळ्यांचे. वायरला टोकाला प्लग टॉप नव्हता, म्हणून सॉकेटमध्ये घालता आली नाही. चाळीस-पन्नास रुपयांच्या प्लगसाठी फेजचं टोक सरळ बी फेजच्या पट्टीवर आणि न्यूट्रलचं टोक माझ्या बोल्टखाली. म्हणजे ईएलसीबीच्या अलीकडून. गळती झाली की तीस मिलिॲम्पिअरला तोडणारं ते यंत्र, त्याच्या नजरेलाच ही माळ नव्हती. वाटेत दोन जोड होते. एकाला टेप होती. दुसरा उघडा, आणि वायर सरकू नये म्हणून तिथेच रेलिंगला दोन वेढे दिलेले. गवत ओलं, रेलिंग ओलं. त्या रेलिंगला टेकून कॉलेजची पोरंपोरी उभी होती, दोन-तीन लहान मुलं वर चढून बसली होती, कारण खुर्च्या भरल्या होत्या.

मी मुलांना खाली उतरायला लावलं आणि वायर कटरने तोडली. एक मुलगी म्हणाली, “काका, आमचे कंदील!” मी तिच्यावर ओरडलो. उगीच.

परत येऊन थिंबल घासलं, नवा वॉशर घातला, नट आवळला, रेघ मारली, स्टॉलचा एक बॉयलर बंद करायला लावला. तिन्ही बल्ब पुन्हा सारखे पिवळे झाले, मग ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, एकेक करून चालू केले. स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरचा एक ॲम्प उठलाच नाही. बाकी सगळं वाचलं. सहा सोळाला बाईंनी तोच ललत पुन्हा धरला, आणि लगेच भटियारवर गेल्या, कारण तेवढ्यात उजाडलं होतं. पावणेनऊपर्यंत कार्यक्रम चालला. लोक उठेनात. मागच्या रांगेतले एक आजोबा जाताना म्हणाले, “इथे बसूनसुद्धा शब्द कळले हो.” एरवी हे वाक्य मला आठवडाभर पुरलं असतं.

हिशेबाच्या वेळी काकांनी पाकिटातून तीन हजार कमी दिले. “समितीत विषय निघाला. नऊ मिनिटं गेली ना.” मी काही बोललो नाही. तीन हजारांचं दुःख नाही. मी कंदिलांचंही बोललो नाही, ते टोचतंय.

बोललो असतो तर पहिला प्रश्न आला असता की ती वायर जोडली कुणी. समितीच्या वायरमनने हात वर केले, “मी फक्त माळ बांधली, कनेक्शन तुमच्या पोराने दिलं.” माझा मदतनीस छोट्या बोर्डाशेजारी सतरंजी टाकून झोपला होता. तो म्हणाला, “दादा, ते म्हणाले काकांनी सांगितलंय, लाइटचा एक पॉइंट द्या. आणि तुम्हीच म्हणाला होतात, मागतील ते दे.”

म्हणालो होतो. रात्री एक वाजता, टेप हातात, मागच्या स्पीकरचं अंतर तिसऱ्यांदा मोजताना तो विचारायला आला, तेव्हा मी मान वर न करता म्हटलं होतं, “मागतील ते देऊन टाक, मला त्रास देऊ नको.” पॉइंट म्हणजे सॉकेट, असं माझ्या डोक्यात. बोल्ट कोण उघडेल! छोट्या एकोणीस वर्षांचा आहे, दोन वर्षं माझ्याकडे आहे. केबल गुंडाळायला त्याच्यासारखा हात नाही. न्यूट्रल म्हणजे काय हे मी त्याला कधी नीट सांगितलेलं नाही, कारण त्या बोल्टला तो हात लावणार नव्हताच.

आणि खरं तर मला सतावतं ते वेगळंच. मी बल्ब पाहून बटन दाबलं ते ॲम्प वाचवण्यासाठी. रेलिंग माझ्या डोक्यातही नव्हतं. उघडा जोड फेजचा होता की न्यूट्रलचा, रेलिंगला खरंच करंट उतरला होता का, हे वायर तोडायच्या आधी बघता आलं असतं. मेन चालू करून टेस्टर लावला असता तर एका सेकंदात कळलं असतं. मी वायर तोडली आणि तुकडा पिशवीत टाकला. तेव्हा घाई होती. आता वाटतं, मला ते कळायला नको होतं.

काल काकांचा फोन आला. पुढच्या वर्षी मैदान मोठं घ्यायचं ठरतंय, साउंड तुमचाच, जरा साडेपाचचं बघा की. रविवारी संध्याकाळी बैठक आहे. तो निळा-पांढरा तुकडा मी नेणार आहे, उघड्या जोडासकट, आणि टेबलावर ठेवणार आहे. तीन हजार मागणार नाही. छोट्याला सोबत न्यायचं की नाही, ते मात्र अजून ठरत नाहीये.