कफ बाहेर काढायला शिकताना

तरुणपणी झालेला क्षयरोग औषधांनी बरा झाला. पण त्याने डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातील श्वासनलिका कायमच्या रुंद आणि सैल करून ठेवल्या आहेत, हे मला वयाच्या ५२ व्या वर्षी सीटी स्कॅननंतर कळले. या विकाराला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. निरोगी नलिकांच्या आतील सूक्ष्म केस कफाला सतत घशाकडे ढकलत असतात. माझ्या त्या भागात हे काम नीट होत नसल्याने कफ साचायचा, त्यात जंतू वाढायचे आणि दर दोन-तीन महिन्यांनी ताप यायचा. त्याआधी कित्येक वर्षे एका दवाखान्यातून मला खोकला दाबणारे औषध मिळत होते, म्हणजे जो कफ बाहेर पडायला हवा तोच आत अडवला जात होता, याचे मला आजही वाईट वाटते.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्या दिवशी मला खोकून दाखवायला सांगितले. मी जीव तोडून खोकले, बरगड्या दुखू लागल्या आणि बाहेर आली ती जेमतेम थुंकी. इतक्या जोराने सैल नलिका दबून मिटतात आणि कफ मागेच राहतो, असे सांगून त्यांनी ‘हफिंग’ शिकवले. चष्मा पुसण्याआधी आपण काचेवर तोंडाने वाफ सोडतो, तसा घसा मोकळा ठेवून ‘हाऽऽ’ करत श्वास सोडायचा आणि त्याला पोटाच्या स्नायूंचा जोर द्यायचा. मी नकळत घसा आवळत होते. तेव्हा मॅडमनी माझाच चष्मा तोंडासमोर धरला आणि काच धूसर होईपर्यंत मला ते पुन्हा पुन्हा करायला लावले.

या हफच्या आधी काय करायचे, ते मला अधिक अवघड गेले. खांदे सैल सोडून मिनिटभर शांत श्वास, मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक श्वास ३ सेकंद रोखायचा, म्हणजे हवा आडवाटांनी कफाच्या मागे पोहोचते. पुन्हा शांत श्वास आणि त्यानंतरच एक-दोन हफ. मध्यम श्वासानंतरचा लांब हफ खोलवरचा कफ हलवतो. घरघर घशाजवळ ऐकू येऊ लागली की भरपूर श्वास घेऊन केलेला आखूड हफ तो बाहेर आणतो. सुरुवातीला घाईत मी मधले शांत श्वास गाळत असे आणि छाती आवळून येई.

आता सकाळी चहाच्याही आधी, रिकाम्या पोटी, मी श्वासनलिका मोकळ्या करणारा पंप घेते, त्यानंतर नेब्युलायझरमधून ३ टक्के मिठाचे पाणी. पंप आधी, कारण या खाऱ्या वाफेने कधी कधी छाती आवळते. मग उजव्या कुशीवर झोपते, म्हणजे रोगट डावी बाजू वर राहते आणि कफ मोठ्या नलिकांकडे उतरतो. पायांकडची बाजू उंच करण्याची जुनी पद्धत मला आम्लपित्तामुळे मानवली नाही. मॅडमनी सपाट गादीच योग्य ठरवली. माझे यजमान ओंजळीसारखा हात करून बरगड्यांवर थापटतात, मात्र कफात रक्त दिसल्यास थापटणे बंद ठेवून लगेच डॉक्टरांना कळवायचे, असे आम्हाला बजावले आहे.

कफ पारदर्शक वाटीत थुंकून त्याचा रंग आणि प्रमाण मी वहीत लिहिते. गेल्या पावसाळ्यात सलग तीन दिवस ‘हिरवा, घट्ट, दुप्पट’ अशी नोंद झाली, तेव्हा ताप येण्याची वाट न पाहता मी नमुना घेऊन डॉक्टरांकडे गेले.