सार्वमत आणि आडवी बाटली

आज सांगलीत चहाच्या टपरीवर वीज खाजगीकरणाचा विषय निघाला. एकजण म्हणाला, 'घ्या की देशभर सार्वमत!' आपल्या घटनेत तशी सोयच नाही. इटलीत आहे: 5 लाख सह्या, मग कायदा रद्द करायचा का यावर मतदान. पण निम्म्याहून जास्त मतदार आले तरच निकाल धरतात. म्हणून विरोधक 'नाही म्हणा' सांगत नाहीत, 'घरी बसा' सांगतात. जून 2011 मध्ये पाण्याच्या खाजगीकरणावर सुमारे 55 टक्के आले, तेव्हा कुठं जमलं.

आपली बाटली आडवी करणं, म्हणजे दारूचं दुकान बंद करायचं मतदान जिंकणं, त्याहून अवघड! (आडवी म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू.) यादीतल्या निम्म्याहून जास्त मतं आडवीलाच लागतात. मयत झालेली, मुंबईला गेलेली नावं सगळी उभ्या बाटलीच्या खात्यात. आणि सार्वमतानं खाजगीकरणाचा कायदा गेला तरी झालेले करार आपोआप मोडत नाहीत, करारात भरपाईचं कलम असेल तर ते शिल्लक राहतंच.