नोकरी असतानाच पुढच्या नोकरीची तजवीज

कामावरून कमी केल्याचे जे पत्र मला मिळाले, त्यात कारणे होती, शिल्लक रजेचा हिशेब होता आणि अखेरीस एक परिच्छेद असा होता, जो मी पुन्हा पुन्हा वाचला. मी विनाविलंब रोजगार कार्यालयात ‘नोकरीच्या शोधात’ अशी नोंद करावी, उशीर झाल्यास बेकारी भत्ता काही काळ बुडू शकतो आणि या कामासाठी लागणारा वेळ कामाच्या तासांतून दिला जाईल, असे त्यात लिहिले होते. जी कंपनी मला काढत होती, तिच्याच पत्रातून माझ्या पुढच्या नोकरीची तजवीज सुरू झाली होती. यात कंपनीची मेहेरबानी नाही. कामगाराला ही माहिती देणे आणि त्यासाठी मोकळीक देणे ही जर्मनीतील कायद्याची मालकाकडून अपेक्षाच आहे.

इथल्या वाहनउद्योगावर काय संकट आले आहे, ते तिकडच्या वर्तमानपत्रांतूनही आपण वाचत असालच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील नोंदणीकृत बेकारांची संख्या दहा वर्षांत प्रथमच ३० लाखांच्या वर गेली. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत सॉफ्टवेअरची चाचणी करणारे माझ्यासारखे अनेक जण त्या काळात घरी बसले.

नोंदणीचा नियम असा आहे की, नोकरी संपण्याच्या किमान तीन महिने आधी नोंद करायची, आणि नोकरी जाणार हेच त्याहून उशिरा कळले, तर कळल्यापासून तीन दिवसांच्या आत करायची. ती चुकली तर एका आठवड्याचा भत्ता मिळत नाही. इथल्या आमच्या मराठी परिचितांपैकी काहींना हा नियम जाचक वाटतो. दुःखात असलेल्या माणसाला तीन दिवसांची मुदत घालणे त्यांना निष्ठुरपणाचे वाटते. मला मात्र या कार्यालयाच्या संपूर्ण कारभारात हाच भाग सर्वांत माणुसकीचा वाटतो. पगार चालू असताना माणूस अर्ज करतो, तेव्हा त्याला निवड करता येते. बचत संपत आल्यावर तो मिळेल ते काम स्वीकारतो, आणि एकदा आपल्या कौशल्याच्या खालच्या कामावर गेलेल्या माणसाला परत वर येणे फार कठीण जाते. नोकरी गेल्यानंतर मदत करण्यापेक्षा ती जाण्याआधीच्या आठवड्यांत मदत करणे स्वस्तही पडते आणि माणसाचा आत्मविश्वासही टिकून राहतो. हे ज्याने कायद्यात लिहिले, त्याला बेकारी ही माणसाच्या मनात कशी उतरत जाते, हे नीट ठाऊक असले पाहिजे.

पहिल्या भेटीत ज्या अधिकारी बाई मला लाभल्या, त्यांनी माझे शिक्षण, केलेली कामे आणि घरची परिस्थिती यांबद्दल सविस्तर विचारले, आणि मग शांतपणे सांगितले की तांत्रिक ज्ञानात मला काही कमी नाही, परंतु या भागातील मध्यम आकाराच्या कंपन्यांत बैठका जर्मन भाषेतच होतात, त्यामुळे नोकरीच्या भाषेचा अभ्यासक्रम आधी घेतल्यास दारे अधिक उघडतील. प्रशिक्षणासाठी इथे ‘बिल्डुंग्सगुटशाइन’ नावाचे हमीपत्र मिळते. ते मान्यताप्राप्त संस्थेकडे दिले की शुल्क कार्यालय भरते. मुलाखतीला जाण्याचा प्रवासखर्चही आधी अर्ज केल्यास मंजूर होऊ शकतो. त्या बाईंच्या बोलण्यात दया नव्हती, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पुण्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने फोनवर विचारले, “ताई, घरी बसून सरकारचे पैसे घेणं तुला पटतं का?” त्याचे उत्तर इथेच लिहून ठेवते. हे सरकारचे दान नाही, हा विमा आहे. १९२७ च्या कायद्याने जर्मनीत बेकारी विमा आला, आणि आज पगाराच्या २.६ टक्के रक्कम त्यात जाते, निम्मी कामगाराची व निम्मी मालकाची. मी इथे आल्यापासून ती दर महिन्याला भरत आले आहे. त्या मोबदल्यात निव्वळ पगाराच्या ६० टक्के, आणि मूल असल्यास ६७ टक्के भत्ता मिळतो. ज्यांनी पुरेशी वर्षे वर्गणी भरली आहे त्यांना तो साधारणपणे एक वर्ष मिळतो, आणि वयस्कर कामगारांना दोन वर्षांपर्यंत. त्या काळात आरोग्य विम्याची वर्गणीही कार्यालयच भरते. स्वतःहून राजीनामा देणाऱ्याला मात्र सबळ कारण नसल्यास बारा आठवडे थांबावे लागते.

पूर्ण कारखानाच बंद होतो, तेव्हाची व्यवस्था मला याहून महत्त्वाची वाटते. कामगारांना ‘ट्रान्सफरगेझेलशाफ्ट’ नावाच्या हंगामी कंपनीत घेतले जाते आणि तिथे जास्तीत जास्त बारा महिने भत्ता, प्रशिक्षण व नव्या नोकरीसाठी मार्गदर्शन मिळते. बोखुम शहरातील ओपेल या मोटार कंपनीचा कारखाना २०१४ च्या अखेरीस बंद झाला, तेव्हाही असेच केले गेले. त्यातून प्रत्येकाला पूर्वीच्या बरोबरीची नोकरी मिळते असे नाही, आणि तसा दावा मी करणार नाही. पण फाटकाला कुलूप लागले त्या दिवशी माणूस एकटा रस्त्यावर उभा राहिला नाही.

हे लिहिताना परळची आठवण टाळता येत नाही. माझे काका तिथल्या एका कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. साच्यावर उभे राहण्याचे काकांचे कौशल्य दुसऱ्या कोणत्या कामात उपयोगी पडेल, हे त्यांच्याशी बसून कुणी कधी बोलले नाही. पुढे ते एका इमारतीत रखवालदार झाले. गिरण्यांच्या जमिनीचे काय करायचे यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली, धोरणे झाली. माणसांचे काय करायचे यावर त्या प्रमाणात झाली नाही.

तरीही आपल्याकडे काहीच नव्हते, असे इथले लोक गृहीत धरतात तेव्हा मला राग येतो. काम मागणाऱ्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी आहे, हे महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिले, आणि वि. स. पागे यांच्या त्या कल्पनेचा वारसा पुढे २००५ मध्ये देशभराच्या कायद्याला मिळाला. त्या योजनेसाठी शहरी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला, तो आजही कापला जातो. शहराने गावासाठी पैसा द्यावा, ही किती मोठी जाण होती! परंतु ज्याच्या पगारातून तो कर कापला जातो, त्याची स्वतःची नोकरी गेली तर त्याच्यासाठी जवळजवळ काहीच नाही. राज्य कामगार विमा महामंडळाची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ ९० दिवसांपर्यंत निम्मा पगार देते, तीही आयुष्यात एकदाच, आणि सर्वसाधारणपणे महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांनाच त्या विम्याचे छत्र आहे. हिंजवडीतील अभियंता त्यात बसत नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराला पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्यासाठी देण्याची तरतूद आहे. पैसा हातात आला तरी कोणते कौशल्य शिकायचे, हे त्याच्याशी बसून बोलणारा अधिकारी त्या तरतुदीतून मिळत नाही.

इथे खटकणारी गोष्टही आहे. भत्ता घेणाऱ्याने आपल्या जवळच्या परिसराबाहेर राहायचे तर कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते, आणि ती वर्षात साधारण तीन आठवड्यांपुरतीच मिळते. आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला जायचे होते, तेव्हा त्या परवानगीचा अर्ज भरताना मला अपमान वाटला होता. परवानगी विनासायास मिळाली. वर्गणी भरणाऱ्या इतरांचा पैसा माझ्या शोधावर खर्च होत आहे आणि मी शोधासाठी हजर असले पाहिजे, हे तत्त्व मला बुद्धीने पटते. पण आईजवळ आणखी महिनाभर राहता आले नाही, हे अजून सलते.

माझ्याकडे कायम वास्तव्याचा परवाना असल्याने शोधाला अवधी मिळाला आहे. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कामगारांसाठीच्या परवान्यावर, येण्याचा विचार करणाऱ्यांनी इतके ध्यानात ठेवावे की, नोकरी मुदतीपूर्वी संपणार हे कळल्यापासून दोन आठवड्यांत परदेशी नागरिक विभागाला ते कळवणे ही कामगाराची स्वतःची जबाबदारी असते. भाऊ म्हणतो, सरळ परत ये. त्याचे प्रेम मी समजते. परंतु ज्या विम्यात मी माझा वाटा भरला आहे, त्यातून मिळणारे प्रशिक्षण अर्धवट टाकून, पुण्यात शून्यापासून आणि एकटीने शोध सुरू करणे मला आज शहाणपणाचे वाटत नाही. भाषेचा अभ्यासक्रम सुरू झाला आहे आणि कार्यालयाने सुचवलेल्या दोन जागांसाठी अर्ज गेले आहेत. त्यांपैकी एक वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीतील आहे, जिचा विचार मी स्वतःहून केला नसता.