पुढच्या डिफरन्शियलमधली ती एक शिम

कागदासारख्या पातळ पोलादी चकतीवर माणूस किती वैतागू शकतो, हे फोर बाय फोर गाडीचं पुढचं डिफरन्शियल (ॲक्सलमधली, इंजिनचा जोर दोन्ही चाकांना वाटणारी गिअरची जुळणी) स्वतः उघडल्याशिवाय कळत नाही. चाकं, हब, नकल (चाक वळवणारा सांधा), शाफ्ट हे सगळं घामाचं आणि ग्रीसचं काम, पण सरळ. पिनियनच्या (जोर आत आणणाऱ्या छोट्या गिअरच्या) शिमवरचा, म्हणजे त्या चकतीवरचा, राग मात्र अजून उतरलेला नाही.

दुखणं सापडायला वेळ लागला नाही. ठरावीक वेगाला पुढून घुमणारा आवाज यायचा, ॲक्सिलरेटर सोडला की त्याचा सूर बदलायचा. फोर बाय फोर काढून फ्रीव्हीलिंग हब (चाकं शाफ्टपासून सोडवणारे) मोकळे केले की एकदम शांतता. अशा वेळी चाकांची बेअरिंगं फिरतच असतात, क्राउन (पिनियन फिरवतो ते मोठं गिअरचाक) आणि पिनियन थांबलेले असतात. त्यामुळे संशय कुणावर घ्यायचा ते ठरलं. ऑइल काढलं तर दुधाळ, त्यात चमकणारी चुरी. गरम ॲक्सल पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (ॲक्सलच्या हवेच्या छिद्रातून) किंवा थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरला लांब नळी जोडून ती इंजिनच्या वरच्या भागापर्यंत नेऊन बांधा. हे आत्ताच सांगतो, नंतर राहून जाईल.

पिनियनची बेअरिंगं खड्डे पडून गेली होती, क्राउनचे दात सोललेले, शाफ्टचे क्रॉस (वळणारे सांधे) गंजलेले. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्यावे लागतात, कारण कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. दोन्हींवर एकच जोड-क्रमांक आहे का ते बघून घ्या.

आता शिम. पिनियन क्राउनमध्ये किती आत जाणार हे ती ठरवते. माझ्या ॲक्सलमध्ये ती पिनियनचं डोकं आणि आतलं बेअरिंग यांच्यामध्ये बसते. संच विकणाऱ्याने ठासून सांगितलं होतं, “जुनीच शिम टाका, बरोबर बसेल.” सुरुवात म्हणून जुनी जाडी ठीक आहे, पण नव्या पिनियनचं डोकं जुन्याइतकंच असेल याची हमी कोण देणार? दातांना पिवळी पेस्ट लावून फिरवलं, तर ठसा (दात एकमेकांना टेकतात तिथली खूण) दाताच्या पार शेंड्याला. म्हणजे पिनियन बाहेर राहिलेला, शिम जाड हवी. जाड टाकली की ठसा मुळाशी. शिवाय पिनियन आत सरकला की बॅकलॅशही (दातांमधली मोकळी जागा) कमी होतो. मग क्राउनच्या एका बाजूची शिम काढून तेवढीच दुसऱ्या बाजूला घालायची, म्हणजे बेअरिंगवरचा दाब बदलत नाही. पुन्हा डायल गेजने बॅकलॅश मोजायचा, पुन्हा पेस्ट. दोन-चार शतांश मिलिमीटरसाठी सगळं खोलायचं!

खरा छळ पुढेच आहे. शिम बदलायची तर प्रेसने दाबून बसवलेलं बेअरिंग पुलरने ओढून काढायचं, आणि ओढताना नवं बेअरिंग खराब व्हायची भीती. यावरचा उपाय कुठल्याच सूचनापत्रात नव्हता. त्याच मापाचं एखादं बरं बेअरिंग घ्या, त्याचं आतलं भोक घासून हाताने सरकेल इतकं सैल करा आणि सगळ्या चाचण्या त्यावर करा. ठसा जुळला की मगच नवं कोरं बेअरिंग प्रेस करा. ही युक्ती हाती आल्यावर मी अक्षरशः टाळी वाजवली.

ठसा वाचण्यातही गोची आहे. पेस्ट पातळच लावा, आणि पिनियन फिरवताना क्राउनवर फळी दाबून धरा. भार नसेल तर ठसा खोटं बोलतो. दुसरं म्हणजे पुस्तकातली चित्रं बहुधा मागच्या ॲक्सलची असतात. माझ्यासारखा खालच्या पिनियनचा (क्राउनच्या मध्यरेषेखाली पिनियन असलेला), साध्या कटाचा (मागच्या ॲक्सलसारखेच दात कापलेला) संच पुढे असेल, तर गाडी पुढे जाताना भार दाताच्या कोस्ट बाजूवर, म्हणजे आत वळलेल्या बाजूवर येतो. मला तिकडचा ठसाही तितकाच नेटका हवा होता. शेवटी दोन्ही बाजूंना तो शेंडा आणि मूळ यांच्या मधोमध आला, बॅकलॅश 0.15 ते 0.25 मिलिमीटरच्या आत. तो ठसा मी भेटेल त्याला दाखवत सुटलो होतो.

क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबून पिनियनच्या बेअरिंगवरचा दाब ठरवणारी नळी) चाचणीच्या वेळी घालू नका. ती एकदा जास्त दबली की नट सैल करून उपयोग नाही, नवीच लागते. शेवटी नट थोडा थोडा आवळत पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते काट्याच्या टॉर्क रेंचवर बघत जा. ऑइल जीएल-5 दर्जाचंच हवं, कारण या दातांचं एकमेकांवर घसरणं फार असतं. पहिल्या काही फेऱ्या हलक्या, मध्ये थांबून ॲक्सल गार होऊ द्यायचा, आणि पहिलं ऑइल लवकर बदलायचं.

आणि हो, क्राउनच्या बेअरिंगवरच्या कॅप काढण्याआधी पंचने डावी-उजवी खूण करा. त्या हाउसिंगला बसवूनच कापलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. रेशो (क्राउन आणि पिनियनच्या दातांचं प्रमाण) बदलायचा विचार असेल तर मागचाही तोच घ्या, नाहीतर कोरड्या कडक रस्त्यावर फोर बाय फोर लावताच ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारा गिअरबॉक्स) पिळवटून निघेल.