आमची वाटचाल : वजनं आणि पाणी

आम्ही सुरुवात केली तेव्हा भाड्याची एक खोली, दोन बारबेल आणि पुल-अपचा एक बार एवढंच भांडवल होतं. स्प्रिंट, म्हणजे कमी अंतर पूर्ण वेगाने पोहणाऱ्यांची ताकद वाढवायची, हे काम आम्ही घेतलं होतं. पाण्यातलं त्यांचे प्रशिक्षक बघतील, जमिनीवरचं आम्ही बघू, असं ठरलं. ही वाटणीच चुकली होती.

पहिल्याच वर्षी पन्नास मीटर पोहणारी एक मुलगी आली. सकाळी पाण्यात पाच किलोमीटर, संध्याकाळी आमच्याकडे स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), पुल-अप. तीन महिन्यांत तिचं डेडलिफ्टचं वजन भराभर वाढलं आणि आम्ही खूश झालो. मग एका सकाळी तिचा सराव बघायला तलावाच्या कडेला जाऊन बसलो. पंचवीस मीटरला तिला नेहमीपेक्षा तीन हात जास्त मारावे लागत होते. हात पाण्यात शिरला की कोपर खाली पडायचं, पंजा पाणी धरायच्या ऐवजी त्यातून निसटायचा. बाहेर येऊन खांदा चोळत ती म्हणाली, "सर, पाणी हाताला लागतच नाही."

तिने काहीच चुकवलं नव्हतं. पाण्याचा भार आणि वजनांचा भार एकाच खांद्यावर येत होता, आणि त्याची बेरीज दोघांपैकी कोणीच करत नव्हतं.

त्या दिवसापासून पोहण्याच्या प्रशिक्षकांशी बसून आठवडा आखल्याशिवाय आम्ही कोणाला घेत नाही. वजनं वाढवायची तर पाण्यातले किलोमीटर कमी करायचे, ही आमची अट. काहींना ती पटली नाही, गिऱ्हाइकं गेली, सहा महिने भाडं साठवणीतून भरलं. तरी अट सोडली नाही. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ऑस्ट्रेलियाच्या कॅमरन मॅकएव्हॉयने पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण २१.२५ सेकंदांत जिंकलं. त्याने पाण्यातलं अंतर खूप कमी करून ताकदीवर भर दिला होता. त्यानंतर पालकांना समजावणं बरंच सोपं गेलं.

आमच्या आखणीत पूर्ण वेगाचं पोहणं आधी, अंग ताजं असताना. पंधरा ते पंचवीस मीटर, आणि दोन फेऱ्यांमध्ये काही मिनिटांची खरी विश्रांती. स्नायूंतलं क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे झटक्याच्या जोराचं इंधन, काही सेकंदांच्या जोरातच बरंचसं संपतं आणि भरून यायला मिनिटं लागतात. घाईने पुढची फेरी घेतली तर सराव वेगाचा न राहता दमाचा होतो. वजनं त्याच दिवशी, पण मध्ये काही तास सोडून. पायांच्या जड व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी ब्लॉकवरून (तलावाच्या कडेच्या चौथऱ्यावरून) सूर मारायचा सराव ठेवत नाही. पायांची ताकद कामाला येते ती ब्लॉक सोडताना आणि पाण्याखालच्या पहिल्या पंधरा मीटरांत. दमलेल्या पायांनी तिथे काहीच शिकता येत नाही. स्पर्धा जवळ आली की सेट कमी करतो, पण बारवरचं वजन फारसं उतरवत नाही.

ती मुलगी अजून आमच्याकडे येते. आठवड्याला दोनदा वजनं. तिची एकच वही आहे, त्यात तिचे प्रशिक्षक आणि आम्ही दोघेही लिहितो.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरच्या बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायच्या शर्यतीही आहेत. ब्रेस्टस्ट्रोकची मुलं आता विचारायला येऊ लागली आहेत. त्यांच्या गुडघ्यांवर आणि मांड्यांच्या आतल्या स्नायूंवर येणारा ताण वेगळा, म्हणून त्यांचा आठवडा आम्ही नव्याने आखतो आहोत.