दोन स्टेशनांच्या मधली खरखर

मीडियम वेव्हवर मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्‌झला लागते आणि पुणे केंद्र ७९२ला. या दोघांच्या मधे कुठेतरी मोकळी जागा बघून तिथे काटा नेऊन ठेवायची मला खोड आहे. तिथे गाणी नाहीत, बातम्या नाहीत, बाजारभाव नाहीत. नुसती खरखर. घरच्यांनी आता विचारणं सोडलंय, पण पाहुणे आले की हमखास म्हणतात, ‘अहो, स्टेशन नीट लागलं नाहीये तुमचं.’ मी म्हणतो, हो, बघतो.

नीट लागलेलंच असतं. खरखर आपोआप होत नाही; कुणीतरी ती करत असतं. ते कोण, हे शोधण्यात जी मजा आहे ती मला कुठल्याही फर्माइशी कार्यक्रमात सापडलेली नाही.

वळवाच्या पावसाचंच घ्या. मे महिन्यातली दुपार कललेली असते, आभाळ निळं स्वच्छ, गच्चीवर पापड वाळत घातलेले, आणि रेडिओ मात्र मधूनच कड्‌कड्‌ करायला लागतो. म्हणजे घाटापलीकडे कुठेतरी विजा सुरू झाल्या. विजेच्या एका लोळातून हजारो अँपिअरचा प्रवाह धावतो, तोही क्षणाच्या बारीकशा तुकड्यात. एवढा मोठा प्रवाह इतक्या झटक्यात सुरू झाला आणि थांबला की त्यातून कुठल्या एकाच फ्रिक्वेन्सीच्या लहरी निघत नाहीत, सगळ्याच निघतात; खालच्या अंगाला जोरदार, वर जावं तशा क्षीण. म्हणून काटा ५३१च्या टोकाला असला तर कडाका मोठा येतो आणि १६०२कडे नेला तर त्यातली धार जाते. ढगांचा गडगडाट एका किलोमीटरला तीन सेकंद घेत, रमतगमत येतो आणि वीसेक किलोमीटरपलीकडचा तर कानावर पडतही नाही. रेडिओतला कडाका शेकडो किलोमीटरवरून येतो आणि तत्काळ येतो. पापड आत घ्यायला भरपूर वेळ मिळतो.

एफएमवर ही सोय नाही. तिथे गाणं लहरीच्या उंचीत नसतं, फ्रिक्वेन्सीच्या हेलकाव्यांत असतं, त्यामुळे सेट उंचीतले चढउतार सरळ छाटून टाकतो आणि त्यात वीजही छाटली जाते. एफएम आलं तेव्हा सगळे म्हणाले, काय स्वच्छ आवाज आहे! आहेच. पण आभाळाशी संबंध तुटला, त्याबद्दल कुणी हळहळल्याचं मला आठवत नाही.

गंमत म्हणजे या यंत्रात वीज आधी आली आणि गाणी मागाहून. रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर पोपोव यांनी ७ मे १८९५ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये लहरी पकडणारं जे यंत्र दाखवलं, त्याचं सुरुवातीचं काम वादळाची चाहूल घेणं हेच होतं. आणि विजेची खरखर नेहमी कडकडाटच असते असंही नाही. पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकताना जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन यांच्या कानावर शीळ घातल्यासारखे आवाज आले, वरच्या सुरातून भराभर खाली उतरणारे. त्यांनी १९१९मध्ये तसं लिहून ठेवलं. उलगडा व्हायला १९५३ साल उजाडलं, केंब्रिजच्या स्टोरी यांनी तो केला: वीज पडते एका गोलार्धात, तिच्या लहरी पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून अवकाशात हजारो किलोमीटर वर जातात आणि दुसऱ्या गोलार्धात उतरतात. वाटेत उंच सूर पुढे निघतात आणि खालचे रेंगाळतात, म्हणून कडाक्याची शीळ होते. युद्धात माणसं काय ऐकायला बसली होती आणि काय ऐकू आलं!

घरातली खरखर इतकी काव्यमय नाही. पण तिलाही ओळखपाळख आहे. मिक्सर लावला की ब्रशच्या ठिणग्यांचा किरकिराट येतो, तो शेजारणीच्या चटणीइतकाच टिकतो. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची एकसुरी घरघर असते: आपला वीजप्रवाह सेकंदाला पन्नास फेऱ्या मारतो, रेग्युलेटर प्रत्येक अर्ध्या फेरीचा पुढचा तुकडा कापतो, म्हणजे सेकंदाला शंभर झटके. जुना, डब्याएवढा, हात लावला तर चटका देणारा रेग्युलेटर वीज खायचा खरा, पण तोंडातून ब्र काढत नसे. आणि हल्लीचा सगळ्यात मोठा दंगेखोर म्हणजे स्वस्तातला एलईडी बल्ब. त्याच्या बुडाशी एक छोटंसं सर्किट असतं, ते सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतं. ती धडपड तारेवाटे घरभर पसरू नये म्हणून एक चोक आणि एखाददुसरा कपॅसिटर बसवायचा असतो. स्वस्त बल्बमध्ये नेमकी तीच काटकसर केलेली असते. प्रकाश पडतोच ना, मग गिऱ्हाईक कशाला तक्रार करतंय?

अशा गुन्हेगाराला पकडायचं तर आवाज जिकडे वाढतो तिकडे जायचं, असं कुणालाही वाटेल. पण आवाज कमाल किती होतो हे कानाला धड ठरवता येत नाही. आवाज मरतो कुठे, ते मात्र चटकन कळतं. ट्रान्झिस्टरच्या आत काळ्या फेराइटची दांडी असते, तिच्यावर तार गुंडाळलेली. तोच मीडियम वेव्हचा एरियल. दांडीचं टोक लहरी जिथून येतात तिकडे वळलं की सेट मुका होतो. म्हणून सेट हातात धरून हळूहळू गोल फिरायचं, खरखर जिथे गपकन बसते तिथे थांबायचं आणि दांडी कुठे बोट दाखवतेय ते बघायचं. पुढून की मागून, हे ती सांगत नाही. त्यासाठी चार पावलं सरकून पुन्हा फिरावं लागतं. रात्री साडेदहाला पॅसेजमध्ये छातीशी रेडिओ धरून स्वतःभोवती गिरक्या घेणारा माणूस दिसला तर आमच्या बिल्डिंगमध्ये आता कुणी थबकत नाही.

जिन्यातला दिवा असाच सापडला. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणाले, ‘काका, दिवा लागतोय ना? मग प्रॉब्लेम काय आहे?’ प्रॉब्लेम ऐकवायला मी सेट घेऊन गेलो. तीन मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं. बल्ब बदलला, की माझी ब्याद गेली, एवढंच त्यांच्या मनात असणार. पण आठवड्याभरात त्यांचाच निरोप आला: घरी मीटरपाशी कसलासा चर्र आवाज होतोय, जरा रेडिओ घेऊन येता का? सैल झालेल्या जोडात ठिणग्या पडत होत्या, इलेक्ट्रिशियनने स्क्रू आवळला. तेव्हापासून माझ्या छंदाला थोडी प्रतिष्ठा आलीय. पुण्याच्या तपकीर गल्लीतून वायरीतली खरखर अडवणारे फेराइटचे क्लिप आणून ठेवतो आणि ज्याच्या चार्जरची किरकिर असेल त्याच्या वायरीवर फुकट बसवून देतो. लोकांना वाटतं त्याने मोबाइल लवकर चार्ज होतो. मी काही बोलत नाही.

या नादाचा मूळपुरुष म्हणून मी मनोमन कार्ल जान्स्की यांना मानतो. बेल लॅबने त्यांना याच कामावर ठेवलं होतं: अटलांटिकपलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोधा. न्यू जर्सीतल्या होल्मडेलला त्यांनी फोर्ड गाडीच्या चाकांवर गोल फिरणारा लांबलचक एरियल उभारला आणि २०.५ मेगाहर्ट्‌झवर खरखरीची वर्गवारी केली. जवळच्या विजा, लांबच्या विजा, आणि एक बारीक अखंड सूंऽऽ. ही सूं रोज चार मिनिटं लवकर यायची. चोवीस तासांनी येणारी गोष्ट सूर्याची असते. तेवीस तास छप्पन्न मिनिटांनी येते ती ताऱ्यांची. आकाशगंगेच्या मध्यातून ती येत होती. हे १९३३मध्ये छापून आलं, गाजलं, आणि कंपनीने जान्स्कींना दुसऱ्या कामाला लावलं.

पुढचं काम एका हौशी माणसाने केलं. ग्रोट रेबर, इलिनॉयमधल्या व्हीटनचे. नोकरी रेडिओ इंजिनिअरची, छंद हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेने घरून बिनतारी संदेश पाठवण्याचा. १९३७मध्ये यांनी आईच्या परसात साडेनऊ मीटर रुंद तबकडी स्वतःच्या पैशाने बांधली आणि पुढे कित्येक वर्षं जगातले एकमेव रेडिओ खगोलशास्त्रज्ञ तेच होते. दिवसा रस्त्यावरच्या गाड्यांच्या इग्निशनचा फार त्रास, म्हणून दिवसा नोकरी आणि रात्री आकाश. पुढे १९५५मध्ये बर्क आणि फ्रँकलिन यांना गुरूच्या लहरी सापडल्या, तेव्हाही आधी संशय गेला तो जवळपासच्या एखाद्या गाडीच्या इग्निशनवरच.

आमच्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तिथली जागा निवडताना जी कारणं बघितली त्यांत शांतता होती, कानाची नव्हे, रेडिओची. विज्ञानदिनाला, २८ फेब्रुवारीला, ती लोकांना बघायला मोकळी असते. द्राक्षबागांच्या मधोमध ते जाळीचे प्रचंड वाडगे आभाळाकडे तोंड करून उभे असतात, आणि आपल्या खिशातला मोबाइल बंद करायला सांगतात तेव्हा मला फार बरं वाटतं. म्हणजे जिन्यातल्या बल्बवरून भांडणारा मी एकटा नाही. विजेच्या तारांवरची सैल क्लॅम्प शोधत फिरणं हे तिथेही कुणाचं तरी कामच आहे.

सध्या माझ्याकडे एक प्रकरण अर्धवट पडलंय. रोज रात्री नऊच्या सुमाराला ६०० ते ७०० किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात एक चरचर उगवते आणि साडेअकराला जाते. वेळ इतकी नेमकी, की फ्रीज किंवा पंप नव्हेच. गिरक्या घेऊन झाल्या, दांडीने बोट दाखवलंय: दुसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला फ्लॅट, तिथला टेबललॅम्प. क्लिप खिशात घेऊन दारापर्यंत गेलोही होतो. बेल वाजवणार तेवढ्यात आतून भूमितीचं प्रमेय मोठमोठ्याने घोकल्याचा आवाज आला. त्यांच्या मुलीची यंदा दहावी आहे. मार्च उलटेपर्यंत रात्रीचं पुणे केंद्र ऐकायचं, असं ठरवलंय.